किरकोळात जमा



सोलापूरच्या या व्याख्यानमालेत आजवर झालेल्या व्याख्यानांची यादी मला कार्यकर्त्यांनी दाखवली. राज्यघटना आहे, दुष्काळ आहे, सहकार आहे. संतसाहित्य तर वर्षाआड आहे. सगळे भारदस्त विषय. त्या यादीच्या शेपटाला आता 'किरकोळ' हा एक शब्द लागणार. पुढे कोणी ती यादी वाचली तर त्याला वाटेल, या वर्षी विषय ठरलाच नसावा. रकाना मोकळा दिसू नये म्हणून कोणीतरी 'किरकोळ' लिहून ठेवले असावे.

तसे वाटले तर माझे अर्धे काम तिथेच झाले. कारण नेमक्या याच सवयीबद्दल मला बोलायचे आहे. ज्याला आपण वेगळे नाव दिले नाही, वेगळी जागा दिली नाही, ते सगळे एकत्र बांधायचे आणि वर 'किरकोळ' अशी चिठ्ठी लावायची. मग काही दिवसांनी चिठ्ठीच खरी धरायची.

बिनमहत्त्वाच्या गोष्टींसाठी मराठीत शब्दांची टंचाई नाही. क्षुल्लक, फुटकळ, चिल्लर, मामुली, फालतू, सटरफटर, लहानसहान, बारीकसारीक. कान देऊन ऐकले तर प्रत्येकाचा सूर निराळा आहे. 'फालतू' म्हणणारा चिडलेला असतो. 'चिल्लर' म्हणणारा माणसाची किंमत नाण्यांत करतो. 'क्षुल्लक' म्हणणारा चार पायऱ्या वर उभा असतो आणि बहुधा अग्रलेख लिहीत असतो. 'बारीकसारीक'मध्ये तर चक्क कौतुकही असते, सुनेबद्दल सासू म्हणते, "घरातले बारीकसारीक सगळे तीच बघते." (अर्थात सून घरात नसताना.) या सगळ्यांत 'किरकोळ' हा शब्द सर्वांत निर्विकार. त्यात राग नाही, तिरस्कार नाही. तो कारकुनाचा शब्द आहे. म्हणूनच तो जपून ऐकावा लागतो. शिवी दिली तर माणूस उलट बोलतो. वहीत नोंद झाली तर गप्प बसतो.

'क्षुल्लक' या शब्दाशी दोन मिनिटे थांबतो. सभागृहात जैन मंडळी आहेत, त्यांना मी सांगतो ते नवीन नाही. दिगंबर परंपरेत श्रावकाच्या अकरा प्रतिमा आहेत आणि अकराव्या प्रतिमेवर पोचलेल्या, दोन वस्त्रे ठेवणाऱ्या साधकाला क्षुल्लक म्हणतात. पुढे ऐलक, त्याच्याही पुढे मुनी. कुंथलगिरीला १९५५ साली सल्लेखना घेतलेले आचार्य शांतिसागर महाराज हेही मुनी होण्याआधी क्षुल्लक होते. जिनेन्द्र वर्णींनी जैनेन्द्र सिद्धान्त कोश नावाचा प्रचंड कोश एकहाती रचला, विनोबांच्या प्रेरणेने 'समणसुत्तं'चे संकलन केले, आणि त्यांच्या नावामागे 'क्षुल्लक' लागत असे. घराघरांतून लोक ज्यांच्या पाया पडतात त्यांना क्षुल्लक म्हणायचे, हे कसे? तर मुनीच्या मानाने लहान. तुलना उघड आहे: कोणाच्या मानाने लहान, किती पायऱ्यांनी लहान, सगळे सांगितलेले आहे. आपण रोजच्या बोलण्यात एखादी गोष्ट क्षुल्लक म्हणतो, किरकोळ म्हणतो, तेव्हा 'कोणाच्या मानाने' हा भाग गाळतो. तो भाग गाळल्यावर जे उरते त्याविषयी आजचे व्याख्यान.

पहिली गोष्ट बाजाराची.

बाजारात 'किरकोळ' म्हणजे बिनमहत्त्वाचे नव्हे; किरकोळ म्हणजे सुटे. घाऊक आणि किरकोळ अशी ती जोडी आहे. सोलापूरच्या मार्केट यार्डात कांद्याच्या गाड्या लागतात, क्विंटलचा भाव पुकारला जातो, तो घाऊक. तोच कांदा गल्लीतल्या हातगाडीवर किलोने येतो, तो किरकोळ. कांदा तोच. आणि गंमत अशी की घाऊक कांदा आजवर कोणी खाल्लेला नाही. जो कांदा कोणाच्याही ताटात पडला तो किरकोळच होता.

तरीही शब्दाच्या दुसऱ्या अर्थाची सावली पहिल्यावर पडतेच. वर्तमानपत्रात मथळा येतो: 'किरकोळ महागाई वाढली'. नवशिक्या वाचकाला वाटते, थोडीशीच वाढली असेल. प्रत्यक्षात ती ग्राहकाने दुकानात मोजलेल्या पैशाची महागाई, सगळ्यांत बोचणारी. रिझर्व्ह बँकेला २०१६ पासून जे लक्ष्य घालून दिले आहे, चार टक्के, दोन टक्के इकडे किंवा तिकडे, ते याच किरकोळ महागाईचे. तीच कथा किरकोळ व्यापाराची. २०१२ च्या सप्टेंबरात बहुब्रँड किरकोळ व्यापारात ५१ टक्क्यांपर्यंत परकीय गुंतवणुकीला केंद्राने परवानगी दिली आणि तृणमूल काँग्रेसने सरकारचा पाठिंबा काढून घेतला. डिझेलच्या दरवाढीचाही राग होता, पण हा मुद्दा मोठा होता. तेव्हा केंद्र सरकार हलवण्याइतका हा विषय किरकोळ होता, असे म्हणायला हरकत नाही.

बाजारातून हा शब्द वहीत गेला. ज्यांनी कधी संस्थेची वही लिहिली आहे त्यांना ठाऊक आहे की पगार, भाडे, वीज, छपाई यांना आपापली खाती असतात. मग चहा येतो, सुतळी येते, टपालाची तिकिटे येतात, पाहुण्याला स्टँडवर सोडणाऱ्या रिक्षाचे भाडे येते. यांचे काय करायचे? प्रत्येकाला खाते उघडले तर वही संपेल. म्हणून ते किरकोळ खर्चात जाते. यासाठी जमाखर्चात वेगळी पद्धतच आहे. कारकुनाकडे ठरावीक रक्कम द्यायची, त्याने खर्च करून पावत्या ठेवायच्या, महिनाअखेर पावत्या दाखवून तेवढीच रक्कम परत भरून घ्यायची. म्हणजे ज्या शास्त्रात हा शब्द रोजचा आहे त्या शास्त्रात किरकोळाचीसुद्धा पावती लागते.

आणि वर्षअखेर काय होते? हिशेबतपासनीस येतो, पाने चाळतो, पगारावर त्याची नजर थांबत नाही, भाड्यावर थांबत नाही, किरकोळ खर्चाच्या आकड्यावर बोट ठेवतो आणि म्हणतो, "एवढे किरकोळ? फोडून दाखवा."

फोडून दाखवा! मला हे दोन शब्द फार आवडतात. किरकोळ म्हणजे खाते न उघडलेली गोष्ट, इतकाच त्याचा अर्थ. ती मोठी की लहान, हे फोडल्याशिवाय कळत नाही. आणि न फोडताच आपण तिला लहान मानून चाललो आहोत.

आता दुसरी गोष्ट. ती तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल, कारण या शहरात मराठी, कानडी आणि तेलुगू एकाच चौकात भांडतात आणि एकाच टपरीवर समेट करतात.

कानडीत 'किरु' म्हणजे लहान. 'किरुनगे' म्हणजे स्मित, लहानसे हसू. 'किरुबेरळु' म्हणजे करंगळी. शहराच्या पूर्वभागातल्या तेलुगू पद्मशाली घरांत याच स्मिताला 'चिरुनव्वु' म्हणतात, आणि तमिळमध्ये लघुकथा 'सिरुकदै' होते. किरु, चिरु, सिरु: एकाच आजीची नातवंडे. आपला 'किरकोळ' याच घरातून आला, असे मानायला भरपूर जागा आहे, कारण कानडीत 'किरुकुळ' असा शब्द आहे आणि क्षुद्र, हलके, बारीकसे हा त्याचा जुना अर्थ. पण आज अक्कलकोटच्या पलीकडे जाऊन कानडी वर्तमानपत्र उघडा. 'वरदक्षिणे किरुकुळ' असा मथळा दिसेल. वरदक्षिणा म्हणजे हुंडा. आणि किरुकुळ म्हणजे? छळ! हुंड्यासाठी छळ. कार्यालयात स्त्रीला होणाऱ्या लैंगिक त्रासालाही कानडीत किरुकुळच म्हणतात.

हा प्रवास कसा झाला असेल? क्षुद्र गोष्टीचा अर्थ छळ कसा झाला? विचार केला तर त्यात नवल काही नाही. छळ दुसऱ्या कशाचा बनलेला असतो? भाजीत मीठ जास्त, चहा गार, माहेरून फोन का आला, माहेरून फोन का आला नाही, पाहुण्यांसमोर हसलीस का. यातले कोणतेही एक वाक्य घेऊन पोलीस ठाण्यात गेलात तर हवालदार म्हणेल, बाई, हे किरकोळ आहे, घरी जा. एकेक कण किरकोळ. रोज, वर्षानुवर्षे, त्याच माणसाला, त्याच माणसाकडून. कानडीने त्याची बेरीज केली आणि बेरजेला तेच नाव ठेवले. मराठीने बेरीज केली नाही. आम्ही अजून सुटे सुटे मोजतो.

आणि बेरीज केली नाही की काय होते, ते आपल्या बातम्यांत वाचा. 'किरकोळ कारणावरून पत्नीचा खून.' 'किरकोळ वादातून तरुणावर कोयत्याने वार.' हे वाक्य आपण इतक्या वेळा वाचले आहे की ते खटकत नाही. कारण किरकोळ होते हे कोणी ठरवले? ज्याने वार केला त्याला ते किरकोळ वाटले नव्हते. जी मेली तिने त्या कारणाबरोबर किती काळ संसार केला हे बातमीदाराला माहीत नव्हते. मग हा निर्णय कोणाचा? ठाण्यातल्या नोंदीचा. तिथून तो बातमीत आला, बातमीतून आपल्या तोंडात. चहा देताना झालेल्या वादाला खुनाचे कारण म्हणायचे आणि त्याआधीच्या सगळ्या वर्षांना काहीच म्हणायचे नाही. फोडून दाखवा, असे इथे कोणी म्हणत नाही.

तसेच 'किरकोळ जखमी'. दोन ठार, सात किरकोळ जखमी. या शहराला यंत्रमाग माहीत आहेत, म्हणून विचारतो. मागावर काम करणाऱ्याच्या करंगळीचा शेंडा गेला तर तो किरकोळ जखमी की गंभीर? बातमीत तो किरकोळ. पण १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याचे परिशिष्ट काढून पाहा. त्या कायद्याला पुष्कळ नावे ठेवता येतील, पण त्याने एक काम केले: बोटे फोडून दाखवली. अनामिका किंवा करंगळी पूर्ण गेली तर कमाईच्या क्षमतेत ७ टक्के घट. दोन पेरे गेली तर ६. एक पेर गेले तर ५. नुसता शेंडा गेला, हाडाला धक्का नाही, तर २ टक्के. तर्जनीचा शेंडा मात्र ५ टक्के. वाचताना अंगावर काटा येतो. माणसाचे बोट असे कापून कोष्टकात मांडायचे हा निर्दयपणा वाटतो. पण मला त्या कोष्टकाबद्दल आदर आहे. ज्या करंगळीला कानडीने 'किरु' म्हटले, तिच्या शेंड्याचेसुद्धा त्याने खाते उघडले. मालकाला 'किरकोळ लागले आहे, हळद लाव' म्हणून मोकळे होता येऊ नये, याची सोय त्या दोन टक्क्यांत आहे.

घराच्या आत मात्र असे परिशिष्ट नाही. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळेचा हिशेब घेतला. लोक दिवसाचे चोवीस तास कशात घालवतात, याची पाहणी. घरातली बिनपगारी कामे करणाऱ्या बायका त्यांत रोज सरासरी २९९ मिनिटे घालवत होत्या. ती कामे करणारे पुरुष ९७ मिनिटे. त्यातही पुरुषांतले बहुसंख्य ती कामे करतच नव्हते, हे वेगळे. २९९ मिनिटे म्हणजे पाच तास. आता कोणत्याही घरात संध्याकाळी विचारा, आज काय काय केले? उत्तर येईल, "काही नाही, घरातली किरकोळ कामे." राष्ट्रीय उत्पन्नाच्या मोजदादीतही या पाच तासांना खाते नाही. बाई स्वतःच आपल्या दिवसावर ती चिठ्ठी लावते. शब्द इतका आत गेला आहे.

(तसा पुरुषांनाही हा शब्द सोडत नाही. शाळाशाळांत मास्तर मंडळी 'किरकोळ रजा' टाकतात. ते अर्ज फोडून पाहिले तर आईचा मोतीबिंदू, मुलीला पाहायला येणारी मंडळी, भावाशी वाटणीचा वाद, असे आयुष्यातले सगळे गंभीर प्रसंग किरकोळ रजेवर पार पडलेले दिसतील.)

आतापर्यंत एवढे झाले: किरकोळ म्हणजे सुटे, किरकोळ म्हणजे बिनखात्याचे, आणि सुटे असल्यामुळे त्याची बेरीज होत नाही. आता तिसरी गोष्ट, आणि तिथे जरा सावकाश जाऊ. किरकोळ ठरवण्याचा अधिकार कोणाचा?

कायद्याला किरकोळाची गरज असते, हे आधी मान्य करू. १८३७ च्या सुमारास मेकॉले आणि त्याचे सहकारी भारतासाठी दंडसंहितेचा मसुदा करत होते तेव्हा त्यांना एक पेच पडला. चोरीची व्याख्या काटेकोर केली तर दुसऱ्याच्या दौतीत टाक बुडवणारा चोर ठरतो. शेजारून घोडा दौडवत जाऊन धुरळा उडवणारा हल्लेखोर ठरतो. गाडीत चढताना रेटारेटी करणारा इजा करणारा ठरतो. हे दाखले त्यांनीच दिलेले आहेत. मग उपाय काय? १८६० च्या दंडसंहितेत कलम ९५ आले. सामान्य समजुतीचा आणि सामान्य स्वभावाचा माणूस ज्याबद्दल तक्रार करणार नाही इतकी थोडी इजा असेल तर तो गुन्हा नाही. २०२३ च्या न्याय संहितेत हेच कलम ३३ म्हणून कायम आहे. शहाणे कलम आहे. ते नसते तर सोलापूर स्थानकावरची प्रत्येक गाडी थेट न्यायालयात न्यावी लागली असती.

पण 'सामान्य स्वभावाचा माणूस' म्हणजे कोण?

१९८८ साली चंदीगडला एका मेजवानीत पंजाबचे तेव्हाचे पोलीस महासंचालक के. पी. एस. गिल यांनी रूपन देओल बजाज या सनदी अधिकारी बाईंशी गैरवर्तन केले. चारचौघांत, पाहुण्यांच्या देखत त्यांनी बाईंच्या पार्श्वभागावर चापट मारली. बाईंनी तक्रार केली. पुढे काय काय ऐकावे लागले असेल याची कल्पना करा: पंजाब पेटलेला आहे, रोज माणसे मरत आहेत, आणि या बाई एका चापटीचे घेऊन बसल्या आहेत! पाहा, तुलना आली. आणि कोणी केली? ज्याला चापट बसली नव्हती त्याने. उच्च न्यायालयाने तक्रार रद्द केली, आणि त्यासाठी जी कारणे दिली त्यांत हेच कलम ९५ होते. इजा इतकी थोडी की तक्रार करू नये. बाई थांबल्या नाहीत. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि सांगितले की स्त्रीच्या विनयभंगाच्या गुन्ह्याला हे कलम लागूच पडत नाही. असा गुन्हा किरकोळ असू शकत नाही. पुढे गिल दोषी ठरले, आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ते दोषित्व कायम राहिले. कैद झाली नाही. सतरा वर्षे गेली.

एका चापटीला सतरा वर्षे? असे म्हणणारे तेव्हाही होते, आजही या सभागृहात कोणी मनात म्हणत असेल. माझे उत्तर असे: ती सतरा वर्षे चापटीला लागली नाहीत. चापट किरकोळ नाही, एवढे वहीत लिहून घ्यायला लागली. बाई स्वतः ज्येष्ठ अधिकारी होत्या, शिकलेल्या होत्या, त्यांना वकील मिळत होता. ज्यांच्याजवळ यातले काही नाही त्यांची नोंद किरकोळातच राहते.

आता याच्या उलटी गोष्ट सांगतो. ती गडचिरोलीची आहे आणि मला फार प्रिय आहे.

सरकारी मराठीत 'किरकोळ'चा एक सुटाबुटातला भाऊ आहे: 'गौण'. गौण खनिज, गौण वनोपज. तहसील कचेरीत गेलात तर पाटी दिसेल. गौण खनिज म्हणजे काय? वाळू, मुरूम, खडी, बांधकामाचा दगड. १९५७ च्या खाण कायद्याने कोळसा, लोखंड यांना मोठेपण दिले आणि यांना गौण ठरवून राज्यांकडे सोपवले. भीमेच्या आणि सीनेच्या काठच्या माणसाला विचारा वाळू गौण आहे का. पात्रे खरवडली गेली, विहिरी आटल्या, अंगावर ट्रॅक्टर घालण्यापर्यंत मजल गेली. पाच हेक्टरांच्या आतल्या पट्ट्यांना पर्यावरणाची परवानगी लागत नव्हती, म्हणून सगळे पट्टे पाच हेक्टरांच्या आत बसवले जात. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांनाही परवानगी सक्तीची केली. म्हणजे इथेही तेच: सुटे सुटे किरकोळ, बेरीज केली तर अख्खी नदी.

पण गडचिरोलीत हा शब्द उलटा फिरला. धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंड वस्तीचे छोटे गाव आहे. भोवती बांबूचे जंगल. बांबू म्हणजे वनस्पतिशास्त्राप्रमाणे गवत. पण १९२७ च्या वन कायद्याने त्याला झाड म्हटले. झाड म्हटले की इमारती लाकूड; इमारती लाकूड म्हटले की ते वन खात्याचे. पिढ्यान् पिढ्या बांबूतून टोपल्या, सुपे, ताटवे विणणाऱ्याने तोडला तर चोरी, आणि कागद कारखान्याने करार करून नेला तर व्यापार. मग २००६ चा वन हक्क कायदा आला आणि त्याने गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबू स्पष्ट शब्दांत घातला. गौण वनोपजाची मालकी कोणाची? जंगलात राहणाऱ्या माणसांची. मेंढ्याच्या ग्रामसभेला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी वन खाते बांबूच्या वाहतुकीचा परवाना देईना. बांबू मौल्यवान आहे, असे सरकारचे म्हणणे. बांबू गौण आहे, असे गावाचे म्हणणे! आयुष्यभर ज्यांना किरकोळ ठरवले ते लोक दोन वर्षे भांडत राहिले की आमच्या वस्तूला गौण म्हणा, कायद्यात तसे लिहिले आहे. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्याला आले आणि वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. वही गावाच्या हातात आली. बांबू गौणच राहिला, आणि त्याच बांबूच्या विक्रीतून ग्रामसभा मजुरी देऊ लागली.

या गोष्टीने मला एक सावधगिरी शिकवली. किरकोळ शब्द टाकून द्या, प्रत्येक गोष्टीला महत्त्वाची म्हणा, असा उपदेश मी करणार नाही. सगळेच महत्त्वाचे झाले तर वहीला अर्थ राहत नाही. भांडण शब्दाशी नाही, वही कोणाच्या मांडीवर आहे याच्याशी आहे.

आता शेवटची गोष्ट. ती मराठी भाषेची आहे.

तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांकडे हेमाद्री नावाचा मंत्री होता. त्याचे पद श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या दफ्तराचा, हिशेबाचा प्रमुख. सगळ्या वह्या त्याच्या हाताखाली. त्याने संस्कृतात 'चतुर्वर्गचिंतामणि' नावाचा अवाढव्य ग्रंथ रचला: व्रते कोणती करावी, दाने कोणती द्यावी, श्राद्ध कसे घालावे. मोठ्या माणसाने मोठ्या गोष्टींसाठी लिहिलेला मोठा ग्रंथ. त्याच काळात, त्याच राज्यात, अमरावतीकडच्या रिद्धपूरला म्हाइंभट नावाचा एक विद्वान ब्राह्मण काय करत होता? महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी निघून गेले होते. मागे राहिलेली मंडळी आठवणी काढत होती. म्हाइंभटाने ठरवले की या आठवणी लिहायच्या. आणि लिहिले काय? स्वामी अमुक गावी आले. अमुक देवळात बसले. शिष्या बाइसांनी विचारले. स्वामींनी असे उत्तर दिले. कोणी काय आणून दिले, काय जेवले, कोण रुसले, कोणाला दाम किती पडले. लीळाचरित्र! मराठीतला पहिला गद्य ग्रंथ म्हणून आपण ज्याच्यापुढे हात जोडतो तो असा अथपासून इतिपर्यंत किरकोळ गोष्टींनी भरलेला आहे.

आणि त्याची रीत पाहा. ज्याच्यासमोर प्रसंग घडला त्याला गाठून विचारायचे. बायकांना विचारायचे, कारण कितीतरी प्रसंगी त्याच जवळ होत्या. दोघांनी दोन तऱ्हेने सांगितले तर दोन्ही ठेवायचे. त्या काळी यादव राज्यात कोणती नाणी चालत, प्रवासी कुठे उतरत, विधवा बाई एकटी कशी फिरे, हे आज आपल्याला विचारायचे झाले तर श्रीकरणाधिपाकडे जाऊन फार हाती लागत नाही. म्हाइंभटाकडे जावे लागते. पंथाच्या पुढच्या लोकांनी तर आणखी कमाल केली. त्यांनी 'स्थानपोथी' लिहिली. स्वामी ज्या ज्या जागी राहिले त्या जागांची यादी: देऊळ कोणत्या तोंडाचे, ओटा कुठे, आसन कुठे, झाड कोणते, नदी कोणत्या बाजूला. परिश्रयाची जागासुद्धा लिहून ठेवली. परिश्रय म्हणजे देहधर्म. आता याहून किरकोळ काय असणार, सांगा! पण आज पडून गेलेल्या यादवकालीन देवळांचा माग काढणारे अभ्यासक ही पोथी काखोटीला मारून गावोगाव हिंडतात, कारण तिच्याइतकी नेमकी दिशा दुसरे कोणी सांगत नाही.

आमच्या भाषेचे गद्य इथून सुरू झाले. मराठी शाळेत हे शिकवतात, पण 'आद्य ग्रंथ' म्हणून, म्हणजे पुन्हा मोठेपणाच्या रकान्यात टाकून. त्यातल्या किरकोळपणाला भिऊन.

वेळ संपत आली आहे. अध्यक्षांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवले आहे. म्हणून एक विनंती करतो आणि बसतो. हे गिरण्यांचे आणि मागांचे शहर आहे. तुमच्यापैकी अनेकांचे वडील, आजोबा गिरणीत होते, आज्या विडी कारखान्यात होत्या. कोणाच्या माळ्यावर हजेरीचे कार्ड असेल, पगाराच्या चिठ्ठ्या असतील, वाण्याची उधारीची वही असेल, भिशीचा कागद असेल, विड्यांचा आणि तेंदूपानांचा हिशेब पाठपोट लिहिलेले चिटोरे असेल. या दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीवाल्याला घालू नका. कोणत्या साली, कोणाच्या नावावर, कोणी लिहिले, एवढे मागे पेन्सिलीने लिहून ठेवा. आणि ज्यांच्याकडे आज असेल त्यांनी कार्यक्रम संपल्यावर मला जरूर भेटा. मी उद्या दुपारच्या गाडीने निघणार आहे, सकाळी घरी यायला मोकळा आहे.